धागा: पहिल्या पानावरचं पत्र आणि शेवटच्या पन्नास पानांतली निराशा

शाईदौत (धागाकर्ता)

इशारा: इथे कादंबरीचं सगळं रहस्य उघड होणार आहे. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, पात्रांनाही त्यांच्या कामावरूनच ओळखू या. म्हणजे न वाचलेल्यांनाही चर्चेत भाग घेता येईल.

३८४ पानं, ६१ प्रकरणं. नायिका हस्ताक्षरतज्ज्ञ आहे आणि निवेदन तिचंच, प्रथमपुरुषी. पहिल्याच प्रकरणात तपासणीसाठी तिच्या टेबलावर लिफाफा येतो. आत तीन पानी कबुलीजबाब: अमुक तारखेला, अमुक माणसाला मी मारलं. ती तारीख अजून यायची आहे, तो माणूस जिवंत आहे आणि अक्षर नायिकेचं स्वतःचं आहे. चौथ्या प्रकरणात तो माणूस खरोखरच मेलेला सापडतो.

रहस्यकथेची इतकी दमदार सुरुवात क्वचित वाचायला मिळते. पहिली शंभर पानं तर अप्रतिम. तिरपा प्रकाश टाकून कागदावरचा दाब बघणं, अवरक्त प्रकाशात दोन शाया वेगळ्या पाडणं, शिरोरेषा अक्षरागणिक दिली आहे की शब्दभर एका दमात ओढली आहे हे तपासणं, हे सगळं लेखकाने नीट अभ्यासून लिहिलं आहे. देवनागरीची तपासणी एवढ्या बारकाईने कथेत आलेली पाहून फार आनंद झाला.

आणि शेवट? खुनी निघतो प्रयोगशाळेच्या अभिलेख कक्षातला लिपिक. हस्ताक्षराचं स्पष्टीकरण पान ३५१ वर, एका वाक्यात: 'चार वर्षं रोज तुमचं अक्षर गिरवत होतो.' संपलं.

पहिल्या पानावर वाचकाला विचारलेला प्रश्न 'खून कोणी केला' हा नव्हताच. 'हे अक्षर माझं कसं?' हा होता. साडेतीनशे पानं वाट पाहायला लावून लेखकाने उत्तर दिलं ते भलत्याच प्रश्नाचं. कादंबरी नेमकी कुठे घसरली ते प्रकरण-पानांसकट शोधावं म्हणून हा धागा.

उत्तररात्र

लिपिक किती वेळा येतो ते मोजलं. पान ३१ वर फाईल आणून देतो, पान १४८ वर 'साहेब जेवायला गेलेत' म्हणतो, आणि एकदम पान ३३१ वर हातात पिस्तूल. उघड होण्याआधी त्याच्या वाट्याला सगळ्या मिळून १९ ओळी.

इंग्रज रहस्यकथाकार रोनल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिलाच असा, की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच येऊन गेलेला असावा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळत आले आहेत असा तो नसावा. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकी रहस्यकथाकार व्हॅन डाइन यांनी वीस नियम लिहिले. कथेत कमी-अधिक महत्त्वाचं काम असलेलं पात्रच गुन्हेगार असावं, असं त्यांतही आहे. नियम मोडून उत्तम कादंबऱ्या झाल्या आहेत, त्यामुळे पोथी म्हणून हे सांगत नाही. कारण महत्त्वाचं आहे. ज्याच्याबद्दल वाचकाचं काहीच मत झालेलं नाही, त्याचा मुखवटा निघाला तरी वाचकाच्या मनात काही हलत नाही. 'अरे, हा?' म्हणायला आधी 'हा' कोण ते पक्कं ठाऊक असावं लागतं.

इथे तर दोन्हीकडून गोची. पान ३१ वर आला, म्हणजे नियमाची अक्षरशः पूर्तता झाली. पण आला तो टेबलखुर्चीसारखा.

कोरा कागद

थोडा विरोध नोंदवतो. लिपिकासारखा कुणाच्या नजरेत न भरणारा माणूस गुन्हेगार असणं ही जुनी आणि चांगली युक्ती आहे. टपालवाला, नोकर, रखवालदार: समोर असून दिसत नाहीत, हेच तर त्यातलं मर्म.

उत्तररात्र

युक्ती चांगली आहे, मान्य. पण ती चालायची तर तो माणूस सतत समोर असायला हवा. दर पंधरा-वीस पानांनी काहीतरी करायला हवा, आणि त्याचं प्रत्येक काम वाचकाने 'हे तर रोजचंच' म्हणून सोडून द्यायला हवं. 'दिसून न जाणवणं' आणि 'मुळात नसणं' यांत फरक आहे. तीन हजेऱ्यांत पहिली गोष्ट साधत नाही.

रेघोटी

आता माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. खुनाच्या रात्री ९:४० ते १०:२५ नायिका मृताच्या घरी होती. पत्रात त्याचं नाव वाचून त्याला सावध करायला गेली होती. हे वाचकाला कळतं ५२व्या प्रकरणात! तोवर ५१ प्रकरणं आपण तिच्या डोक्यात बसून आहोत. तिला चहा कडू लागला हेसुद्धा आपल्याला कळतं, आणि ती पाऊण तास घटनास्थळी होती हे मात्र कळत नाही.

ही सरळ फसवणूक आहे. वाचकाला चकवणं वेगळं आणि फसवणं वेगळं.

कोरा कागद

पण अविश्वसनीय निवेदक हा तर मान्य प्रकार आहे. १९२६ सालची अगाथा ख्रिस्तींची ती कादंबरी आठवा (नाव घेतलं तर न वाचलेल्यांचं रहस्य फुटेल). तिथेही निवेदक एक महत्त्वाची गोष्ट लपवतोच की.

रेघोटी

लपवतो, पण खोटं लिहीत नाही. त्याची वाक्यं पुन्हा काढून वाचली तर शब्दशः खरी निघतात. मधला थोडा वेळ तो वगळतो, आणि तो वगळलेला वेळ दुसऱ्या वाचनात बोट ठेवून दाखवता येतो. शिवाय लपवायला त्याच्याकडे कथेतलंच कारण आहे.

इथे पान ४४ बघा. 'त्या रात्री मी घरीच होते' हे नायिका पोलिसांना सांगते. अवतरणात आहे, पात्र पोलिसांशी खोटं बोलू शकतं, हरकत नाही. पण पान ७१ वर अवतरण नाही, पोलीस नाहीत, ती एकटी आहे: घरी बसून काढलेली ती रात्र आठवली, असं ती थेट आपल्याला सांगते. ती वगळलेली जागा नाही, ते असत्य विधान आहे. आणि ते असत्य सांगण्याचं तिला काहीही कारण नाही. कारण आहे ते लेखकाला: ५२वं प्रकरण संपवायला त्याला एक धक्का हवा होता.

शाईदौत

पान ७१ माझ्या नजरेतून निसटलं होतं. उघडून पाहिलं, तसंच आहे. या एका वाक्याऐवजी 'त्या रात्रीबद्दल विचार करायचा नाही, असं ठरवून टाकलं' एवढं लिहिलं असतं तरी निवेदन प्रामाणिक राहिलं असतं. वाचकाला किंचित खटकलं असतं, आणि तसं खटकणं चांगलंच असतं.

तिसरा साक्षीदार

तिरप्या ठशातल्या सात छोट्या प्रकरणांबद्दल कोणीच बोललं नाही. खुन्याचं मनोगत, तेही प्रथमपुरुषी. मराठीत ही गोष्ट फार अवघड आहे, कारण आपलं क्रियापद लिंग सांगून टाकतं. 'मी गेलो' म्हटलं की पुरुष, 'मी गेले' म्हटलं की बाई. काही भाषांत हा प्रश्नच येत नाही, तिथे 'मी' चारशे पानं लपून राहू शकतो.

तरी मराठीत वाटा आहेत, आणि या लेखकाने त्या पहिल्या तीन मनोगतांत सुंदर वापरल्या आहेत:

- सकर्मक भूतकाळ. 'मी दार उघडलं', 'मी कागदाची घडी केली'. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, कर्ता झाकलेला राहतो.
- भविष्यकाळ. 'मी जाईन', 'मी वाट पाहीन'. लिंग नाही.
- 'मला', 'माझ्या' ची रचना. 'मला हसू आलं', 'माझ्या लक्षात आलं'.
- 'ती व्यक्ती' किंवा 'सावली'. शब्दच स्त्रीलिंगी, त्यामुळे 'ती व्यक्ती वळली' मधून काही कळत नाही.

अडचण येते अकर्मक क्रियापदांची: बसणं, उठणं, थांबणं, निघणं. तिथे लेखकाने 'पावलं थांबली', 'पाय जिन्याकडे वळले' अशी सोय केली आहे. एकदोनदा खपतं. आणि मग २३व्या प्रकरणात घात झाला: 'मी क्षणभर थांबलो.'

संशयित चार: नवरा, प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई, जुनी विद्यार्थिनी आणि शेजारीण. चारांतल्या तीन बायका! 'थांबलो' या एका शब्दाने त्या तिघी एका फटक्यात बाद. उरला नवरा, आणि त्याच्याभोवती संशय इतका गडद रंगवलेला की तो नसणार हे उघड. म्हणजे बाहेरचा कुणी पुरुष. पान १४० च्या आसपास लक्ष देऊन वाचणाऱ्याचा शोध तिथेच संपतो. उरलेली अडीचशे पानं त्या पुरुषाचा चेहरा दिसायची वाट बघण्यात जातात.

पानगळ

+१. 'थांबलो' वाचून मागे जाऊन आधीची मनोगतं पुन्हा तपासली होती. त्यात कुठेही चूक नाही. म्हणजे लेखकाला भान होतं, एका ठिकाणी नजर चुकली. मुद्रितशोधनात कुणीतरी पकडायला हवं होतं. असं लिखाण छापायला देण्यापूर्वी '-लो', '-ले', '-तो', '-ते' शेवट असलेली 'मी'ची वाक्यं एकेक करून पाहणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

चौथी घडी

मी पूर्ण कादंबरीचा तक्ता मांडला. पद्धत सांगतो, कुठल्याही रहस्यकथेला लावता येते. प्रत्येक प्रकरणाला एक ओळ आणि चार रकाने:

१. या प्रकरणात वाचकाला नवं काय कळलं?
२. निवेदिकेला यातलं आधीच काय माहीत होतं?
३. गुन्हेगार या वेळी कुठे होता आणि काय करत होता?
४. प्रकरणाचा शेवट कशावर झाला, आणि पुढे त्याचं काय झालं?

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. रहस्यकथेत दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात: समोर तपास आणि पडद्यामागे गुन्हेगाराची हालचाल. पडद्यामागची गोष्ट तारीख-वेळेनिशी आधी लिहून काढलेली असली की समोरच्या तपासात तिचे ठसे आपोआप पडतात. इथे तिसरा रकाना ६१ पैकी ४० ओळींत रिकामा राहतो. लिपिक त्या काळात काहीही करत नाही! पुरावा नष्ट करत नाही, नायिकेच्या तपासाला वळण देत नाही, घाबरत नाही. त्यामुळे मध्यभागात तिच्यासमोर कुणी प्रतिस्पर्धीच नाही.

पहिला रकाना १९ ते ४४ या २६ प्रकरणांत फक्त ६ वेळा भरला. म्हणजे वीस प्रकरणांत वाचकाच्या माहितीत काडीची भर नाही. ती जागा भरून काढली आहे चौथ्या रकान्याने. या पट्ट्यात १४ प्रकरणं धक्क्यावर संपतात: दारावर थाप, फोनवर श्वास, अंधारात हात. त्यातले ९ धक्के पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या पानातच विरघळतात. थाप नवऱ्याची, श्वास चुकीच्या नंबरवाल्याचा. तिसऱ्या वेळेपासून वाचकाला कळून चुकतं की घाबरायचं कारण नाही. मग ४३व्या प्रकरणात खरा हल्ला होतो तेव्हा त्याचीही भीती वाटत नाही. खोट्या हाका मारून मारून खऱ्या हाकेची किंमत घालवली.

रेघोटी

आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी झालेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं आहे (ते पुस्तक १९६६ चं). बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं आणि पात्रं मात्र नेहमीच्या गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते.

आता ९:४० ची ती भेट घ्या. समजा ती आपल्याला पाचव्या प्रकरणातच कळली असती. नायिका तिथे होती, तिच्या बोटांचे ठसे कपावर आहेत, पत्र तिच्या अक्षरात आहे, आणि ती रोज त्याच प्रयोगशाळेत जाऊन बसते आहे. मग कुणीही 'तो कप तपासणीला आला का?' एवढं विचारलं तरी वाचकाच्या पोटात गोळा आला असता. हे सगळं लेखकाने ५२व्या प्रकरणातल्या एका धक्क्यासाठी उधळून टाकलं.

कोरा कागद

हे पटलं. माझा विरोध मागे घेतो, निदान या कादंबरीपुरता.

दवबिंदू

वैद्यकीय तपशिलांबद्दल. अक्षराच्या भागात एवढी मेहनत घेणाऱ्या लेखकाने इथे हात आखडता का घेतला, कळत नाही.

क्लोरोफॉर्म. पान ११२: रुमाल नाकावर, तीन सेकंदांत बेशुद्ध. तसं होत नाही. माणूस पूर्ण बेशुद्ध व्हायला वाफ कित्येक मिनिटं सलग आत जावी लागते, तोवर तो झगडत राहतो. पुढेही मात्रा सांभाळावी लागते, नाहीतर श्वास किंवा हृदय थांबून जीव जातो. लेखकाला तो प्रसंग हवाच असेल तर झटापट दाखवावी लागेल, आणि झटापटीत पुरावे राहतात. ते कथेच्या फायद्याचंच झालं असतं.

मृत्यूची वेळ. सकाळी ७ वाजता डॉक्टर जागेवरच 'बरोबर साडेदहा' म्हणतात. असं कुणी सांगू शकत नाही. शरीराचं तापमान, खोलीचं तापमान, अंगावरचे कपडे, शरीराचा आकार हे सगळं धरून काही तासांचा पल्ला सांगता येतो. ताठरपणा जबड्यात आणि मानेत साधारण २ ते ४ तासांत जाणवतो आणि अंगभर पूर्ण यायला साधारण १२ तास लागतात. तेसुद्धा उष्णतेवर अवलंबून.

डाग. रक्त खालच्या बाजूला उतरून त्वचेवर जांभळट डाग पडतात. ते साधारण ८ ते १२ तासांनी पक्के होतात. कादंबरीत मृत्यू साडेदहाला, पालथ्या अवस्थेत. पहाटे ३ वाजता, म्हणजे पाच तासांच्या आत, देह उताणा केला जातो. आणि सकाळी डाग फक्त छातीच्या बाजूला! पाच तासांत डाग पक्के झालेले नसतात. थोडे पाठीकडेही उतरले असते, दोन्ही बाजूंना फिकट-गडद असे दिसले असते. आणि त्यावरून 'देह साधारण केव्हा हलवला' याचा अंदाज बांधता आला असता. खरा तपशील लेखकाच्या खोट्या तपशिलापेक्षा जास्त उपयोगी होता.

तिसरा साक्षीदार

पिस्तुलाच्या आवाजाचंही तेच. नळीवर आवाज कमी करणारं नळकांडं लावलं की 'फुस्स' एवढाच आवाज, आणि शेजारच्या खोलीतल्या शेजारणीला पत्ता नाही. प्रत्यक्षात गोळीचा आवाज साधारण १४० ते १७० डेसिबलच्या घरात असतो आणि नळकांड्याने त्यातले वीस ते पस्तीसच्या आसपास कमी होतात. उरतो तोही दणदणीत असतो.

शाईदौत

या चुका आहेतच. पण हे सगळं चुकूनही शेवट बरोबर बसला असता तर वाचकांनी माफ केलं असतं असं मला वाटतं. मूळ दुखणं पान ३५१ च्या त्या वाक्याचं. त्यावर हस्ताक्षराच्या अंगाने कुणी लिहील का?

निळी शाई

लिहिते.

'चार वर्षं गिरवलं' हे का पटत नाही? दुसऱ्याचं अक्षर काढताना माणसापुढे दोनच मार्ग असतात. सावकाश काढलं तर आकार जमतात, पण रेघ मरते: बारीक कंप, मध्येच पेन उचलल्याच्या खुणा, सगळीकडे सारखाच दाब, नंतर केलेली डागडुजी. वेगाने काढलं तर रेघ जिवंत राहते, पण स्वतःच्या सवयी डोकावतात. सहीपुरतं कुणी वेग आणि आकार दोन्ही साधेलही. इथे तीन पानं आहेत, चारशेच्या आसपास शब्द. एवढ्या लांब मजकुरात दुसऱ्याचा हात टिकवणं जवळपास अशक्य. म्हणून तर तपासनीस शेवटच्या ओळींकडे जास्त लक्ष देतात. हात थकला की मालक बाहेर येतो.

आणि देवनागरीत तर आणखीच कठीण. 'क'ची गाठ, 'ळ'चे वेढे, रफार आणि अनुस्वार नेमके कुठे बसतात, वेलांटी अक्षराआधी काढली की नंतर, शिरोरेषा शेवटी किंचित वर जाते की खाली. आकार डोळ्यांना दिसतात, क्रम दिसत नाही. गिरवणारा आकार शिकतो, क्रम त्याचा स्वतःचाच राहतो. दोन रेघा जिथे छेदतात तिथे कोणती आधी आणि कोणती नंतर, हे सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा कळतं.

ही सगळी माहिती नायिका पान २० ते ६० मध्ये स्वतःच देते! म्हणजे पहिल्या साठ पानांनी जे अशक्य ठरवलं, तेच पान ३५१ ने उत्तर म्हणून पुढे केलं.

आता खरी गंमत. पान ५८ पुन्हा वाचा. नायिका सहा वर्षांपूर्वी प्रशिक्षणवर्ग घेत होती. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी नमुना-पत्रं ती स्वतःच्या हाताने लिहायची: धमकीपत्र, मृत्युपत्र, कबुलीजबाब. 'नावं आणि तारखा कोऱ्या ठेवायच्या, दर तुकडीला बदलून भरता याव्यात म्हणून.'

कबुलीजबाब! ती स्वतःच्या हाताने लिहायची!

रेघोटी

अरे! हे पान वाचून पुढे गेलो होतो.

चौथी घडी

तक्त्यात पान ५८ समोर मी 'पार्श्वभूमी' असं लिहून सोडून दिलं होतं. आता तिथे 'उत्तर' असं लिहावं लागेल.

निळी शाई

हो. अक्षर तिचं आहे, कारण ते तिनेच लिहिलं आहे. बनावट मुळात नाहीच. कुणीतरी जुना नमुना उचलला आणि कोऱ्या जागेत नाव आणि तारीख भरली. चार वर्षं गिरवायची गरज नाही, सात-आठ अक्षरं आणि काही आकडे पुरेत. लांब मजकुराची नक्कल अशक्य, चार शब्दांची शक्य. तज्ज्ञांनी 'अक्षर हिचंच' म्हणणंही बरोबर ठरतं.

आणि नमुने कुठे ठेवलेले असणार? अभिलेख कक्षात. म्हणजे लिपिकच खुनी, हेही तसंच ठेवता येतं!

उत्तररात्र

यात लिपिकाला वजनही मिळतं. नमुन्यांची नोंदवही त्याच्याकडे, पेटाऱ्याची किल्ली त्याच्याकडे. पान ३१ वर तो फाईल आणतो तेव्हाच 'जुन्या वर्गाचे कागद रद्दीत काढायचे का, मॅडम?' एवढं विचारून गेला असता, तर तीच हजेरी पुरली असती.

चौथी घडी

मग दुरुस्ती कशी करता येईल ते मांडतो. खून, खुनी, पहिली शंभर पानं तशीच ठेवून.

९:४० ची भेट पाचव्या प्रकरणात उघड करायची. १९ ते ४४ मधली किमान दहा प्रकरणं काढायची, आधी ते नऊ विरघळणारे धक्के. त्या जागी तपास तीन टप्प्यांत. आधी अवरक्त प्रकाशात पत्र पाहायचं: मजकुराची शाई एक आणि नाव-तारखेची दुसरी, डोळ्यांना सारख्या पण त्या प्रकाशात एक दिसते आणि एक नाहीशी होते. मग दाबाच्या खुणा. तीनही कागद एकावर एक ठेवून लिहिलेले, त्यामुळे पहिल्या पानाचा दाब दुसऱ्यावर उमटलेला असणार. फक्त नाव आणि तारखेचा उमटलेला नसणार, कारण ती भरताना कागद सुटे होते. आणि शेवटी नमुन्यांची नोंदवही.

यात एक जबरदस्त पेच आहे. पहिला टप्पा पार होताच नायिकेला कळतं की पत्र आपणच लिहिलं आहे. ते जाहीर केलं तर ती संशयित, लपवलं तर खुनी मोकळा. कादंबरीचा मध्य इथे उभा राहतो, थाप आणि श्वास यांची गरजच उरत नाही. लिपिकाने या काळात नोंदवहीतलं पान फाडायचं, म्हणजे माझा तिसरा रकानाही भरला. आणि १४ पानांचं कबुलीभाषण (३४५ ते ३५८) दोन पानांवर येईल, कारण वाचकाला बाकीचं आधीच उमगलेलं असेल.

पानगळ

पान ५८ आणि उत्तर यांच्यामध्ये एकदा आठवण हवी. संकेत एकदाच आला तर विसरला जातो, तीनदा ठळक आला तर फुटतो. १२० च्या आसपास एखादी विद्यार्थिनी 'तुमची ती मृत्युपत्रं वाचून रडू यायचं' असं म्हणून जाते, एवढं पुरे. मृत्युपत्राचा उल्लेख, कबुलीजबाबाचा नाही. वाचकाने जोडायचं.

कोरा कागद

पण मग पान ५८ लेखकाने लिहिलंच का? 'नावं आणि तारखा कोऱ्या ठेवायच्या' हे वाक्य सहज सुचणारं नाही.

निळी शाई

तोच विचार डोक्यात होता. म्हणून पान ९ ते ११ वर छापलेलं पत्र पुन्हा पाहिलं. ते टंकात नाही, हस्ताक्षरातच छापलं आहे. भिंगाखाली धरा. सगळ्या पत्रात शिरोरेषा शब्दभर एका दमात ओढलेली आहे. मृताचं नाव दोनदा येतं, पान ९ ची तिसरी ओळ आणि पान ११ वर सहीच्या वर. दोन्ही ठिकाणी शिरोरेषा अक्षरागणिक तुटक आहे. आणि नावापुढे नेहमीपेक्षा मोठी मोकळी जागा.

तिसरा साक्षीदार

पाहिलं. तारखेचंही तसंच आहे. मजकुरातला एकमेव '१' ('१ वाजता') सरळ काठीसारखा, तारखेतला '१' वळणदार.

शिवाय पत्रात ना जागा, ना हत्यार, ना कारण. हा लेखकाचा आळस वाटला होता. सरावाच्या नमुन्यात ते नसणारच.

रेघोटी

म्हणजे पत्र काढून घेतलं तेव्हा खरं उत्तर ठरलेलं होतं, आणि शेवट नंतर बदलला. मनोगतंही नंतर घातलेली असू शकतील. ती वगळली तरी कथानकाचा एकही दुवा तुटत नाही.

शाईदौत

पान १७, दुसरा परिच्छेद. नायिका पत्राचं पहिलं निरीक्षण वहीत लिहिते: 'नावापाशी हात थबकला असावा. पुन्हा पाहायचं.'

पुढची ३६७ पानं चाळली. ती पुन्हा पाहत नाही.